घट्ट म्हणजे किती घट्ट?

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी मोटारसायकल आहे? नसली तरी काही बिघडत नाही. गिरगावच्या चिंचोळ्या गल्ल्यांत, दादरच्या बाजारात, परळच्या पुलाखाली, लालबागच्या नाक्यावर ती तुम्हांला पावलोपावली दिसते. कोणी तिच्यावर बसून कामाला जातो, कोणी पाव-बिस्किटांचे खोके दुकानोदुकानी पोहोचवतो, कोणी मुलांना शाळेत सोडतो. आज आपण त्या मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी थोडा वेळ बसू आणि चार लहानशा नटांची गोष्ट समजून घेऊ.

एका पावसाळ्यातली गोष्ट. मी मोटारसायकलवरून परळहून लालबागकडे चाललो होतो. मागे माझी मुलगी बसली होती. गाडीचा वेग वाढवला की मागून 'कट्' असा आवाज येई. वेग कमी केला की पुन्हा 'कट्'. आठच दिवसांपूर्वी मी एका ठिकाणी गाडीची चेन आणि तिची दोन्ही दातेरी चाके बदलून घेतली होती. नवे सामान आहे, थोडा आवाज येणारच, अशी मी मनाची समजूत घातली होती. पण आवाज वाढतच गेला. शेवटी एका गल्लीच्या तोंडाशी लहानसे गॅरेज दिसले, तेथे मी थांबलो.

गॅरेजातले काका पूर्वी कापडगिरणीत फिटर होते. त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर उभी केली, इंजिन बंद करून चावी माझ्या हातात दिली आणि ते मागच्या चाकाशी उकिडवे बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला जवळ बोलावले.

"मास्तर, हे बघा."

मागचे दातेरी चाक चार नटबोल्टांनी बसवलेले होते. त्यांतला एक नट गळून पडला होता. दोन नट इतके सैल होते की बोटांनी फिरत होते. चौथा नट पान्याने फिरवला, तर तो नुसता फिरतच राहिला.

"याचे आटे गेले," काका म्हणाले. "कोणीतरी जिवाच्या आकांताने आवळला आहे. बाकीचे तीन आवळायचे राहिले आणि हा एक गरजेपेक्षा जास्त आवळला. मास्तर, पोरीला मागे बसवून फिरता ना? हे चक्र चालत्या गाडीत सुटले असते, तर चेन चाकात अडकली असती आणि चाक जागीच थांबले असते."

मी मुलीकडे पाहिले. ती गॅरेजातल्या मांजराशी खेळत होती. मला काय बोलावे ते सुचेना.

त्या दिवशी काकांनी मला जे समजावून सांगितले, तेच आज मी तुम्हांला सांगणार आहे. पण आधी हे दातेरी चाक काय काम करते ते पाहू.

मोटारसायकलच्या इंजिनाजवळ एक लहान दातेरी चाक असते आणि मागच्या चाकाला एक मोठे दातेरी चाक जोडलेले असते. या दातेरी चाकांना स्प्रॉकेट म्हणतात. दोन्ही स्प्रॉकेटांवरून एकच चेन फिरते. समजा, पुढच्या स्प्रॉकेटला १४ दाते आहेत आणि मागच्याला ४२. मग पुढचे स्प्रॉकेट तीन फेरे मारते, तेव्हा मागचे एक फेरा मारते. वेग कमी होतो, पण जोर तिप्पट होतो. हा सगळा जोर मागच्या स्प्रॉकेटवरून चाकाच्या मधल्या भागाकडे, म्हणजे हबकडे जातो. स्प्रॉकेट आणि हब यांना एकत्र धरून ठेवतात ते हे चार नटबोल्ट. काही गाड्यांत ते चार असतात, काहींत पाच किंवा सहा.

आता मी तुम्हांला एक प्रश्न विचारतो. चेन स्प्रॉकेटला ओढते, तेव्हा तो ओढ कोण सहन करते? तुम्ही म्हणाल, बोल्ट. मीही तसेच म्हणालो होतो. काका हसले. त्यांनी माझ्या दोन वह्या घेतल्या, एकीवर एक ठेवल्या आणि दोन्ही तळहातांमध्ये दाबून धरल्या. "आता वरची वही सरकवा," ते म्हणाले. मला ती सरकवता येईना. त्यांनी हात सैल केले, तेव्हा ती सहज सरकली.

बोल्टाचे खरे काम हेच आहे. बोल्ट स्प्रॉकेटला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे दोन्ही धातूंच्या पृष्ठभागांत घर्षण निर्माण होते आणि ते घर्षणच चेनची ओढ सहन करते. दाब कमी झाला की स्प्रॉकेट हबवर किंचित पुढे-मागे सरकू लागते. वेग वाढवला की एकीकडे, कमी केला की दुसरीकडे. मला ऐकू येणारा 'कट्' हा आवाज त्याच सरकण्याचा होता. असे आडवे धक्के बसले की नट आणखी सैल होतो. बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा हे आडवे धक्के नटाला फार लवकर सैल करतात, असे युंकर नावाच्या अभियंत्याने १९६९ साली प्रयोगांनी दाखवून दिले. शिवाय बोल्ट दर धक्क्याला थोडा थोडा वाकतो. लोखंडी तार पुन्हा पुन्हा इकडे-तिकडे वाकवली तर काय होते? ती तुटते. बोल्टही तसाच तुटतो.

मग उपाय सोपा वाटतो. नट खूप घट्ट आवळावा, म्हणजे झाले! पण येथेच खरी मेख आहे.

पोलादी बोल्ट आपल्याला दगडासारखा कडक वाटतो. प्रत्यक्षात तो एका ताठ स्प्रिंगसारखा असतो. नट आवळला की बोल्ट अगदी किंचित ताणला जातो. तो पुन्हा मूळ लांबीवर येऊ पाहतो आणि त्यामुळेच दोन भागांना दाबून धरतो. जितका ताण तितके लांबणे, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. पण या नियमाला एक मर्यादा आहे. तुमच्या बॉलपेनातली स्प्रिंग थोडी ओढून सोडली, तर ती पूर्ववत होते. फार ओढली, तर ती लांबच राहते आणि मग कामाची राहत नाही. बोल्टाचेही तसेच आहे. मर्यादेपलीकडे आवळलेला बोल्ट कायमचा लांबतो, त्याचे आटे झिजतात किंवा तो तुटतो. सैल नट निदान आवाज तरी करतो. जास्त आवळलेला नट वरून अगदी ठीक दिसतो आणि एके दिवशी अचानक दगा देतो.

ही मर्यादा किती, हे बोल्टाच्या डोक्यावरच लिहिलेले असते. पुष्कळ बोल्टांवर ८.८ असा आकडा कोरलेला दिसतो. यातला पहिला ८ सांगतो की, एक चौरस मिलिमीटर पोलाद तुटायला ८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ८० किलोची ओढ लागेल. टिंबानंतरचा ८ सांगतो की, त्या ओढीच्या ८० टक्क्यांवरच, म्हणजे सुमारे ६४ किलोवर, पोलाद कायमचे लांबू लागेल. एवढ्याशा आकड्यात केवढी माहिती आहे, पाहा!

आता नट किती आवळला हे मोजायचे कसे? यासाठी टॉर्क म्हणजे काय ते समजले पाहिजे. तुमच्या वर्गाचे दार उघडून पाहा. कडीजवळ ढकलले तर ते एका बोटाने उघडते. बिजागरीजवळ ढकलले तर दोन्ही हात लावावे लागतात. म्हणजे फिरवण्याच्या कामात केवळ जोर महत्त्वाचा नसतो. तो जोर मध्यापासून किती अंतरावर लावला, हेही तितकेच महत्त्वाचे असते. जोर आणि अंतर यांच्या गुणाकाराला टॉर्क म्हणतात. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. १ किलो वजनाएवढा जोर १ मीटर अंतरावर लावला, तर सुमारे ९.८ न्यूटन-मीटर टॉर्क होतो.

एक हिशेब करू या. पाना २० सेंटिमीटर लांबीचा आहे आणि त्याच्या टोकाला तुम्ही १० किलोचा जोर लावला. टॉर्क झाला सुमारे २० न्यूटन-मीटर. आता कोणी पान्याच्या दांड्यात पाइप घातला आणि लांबी ६० सेंटिमीटर केली. हाताचा जोर तेवढाच, १० किलो. पण टॉर्क झाला सुमारे ५९ न्यूटन-मीटर! हाताला काहीच फरक जाणवला नाही आणि नटावर मात्र तिप्पट जोर पडला. ८ मिलिमीटर जाडीच्या, ८.८ आकड्याच्या बोल्टाला कोरड्या आट्यांवर साधारण २५ न्यूटन-मीटर पुरेसे असतात. तेव्हा पाइप लावणाऱ्याने त्या बोल्टाचे काय केले असेल, ते तुम्हीच सांगा.

या २५ न्यूटन-मीटरमधून तो लहानसा बोल्ट किती जोराने दाबून धरतो, ठाऊक आहे? सुमारे दीड टन. चार बोल्ट मिळून सहा टन. म्हणूनच स्प्रॉकेट जागचे हलत नाही.

मात्र २५ हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी दिला आहे. बोल्टाची जाडी, त्याचे पोलाद आणि हबचा धातू यांनुसार हा आकडा बदलतो. प्रत्येक मोटारसायकलच्या दुरुस्ती-पुस्तकात कोणता नट किती आवळायचा याचा तक्ता असतो. तोच आकडा खरा मानायचा.

काकांच्या हाताखाली आयटीआयमध्ये शिकणारा एक तरुण काम करत होता. त्याने भिंतीवरच्या फळीवरून एक जुने पुस्तक काढले, पान उघडले आणि माझ्या गाडीचा आकडा काकांना वाचून दाखवला. मग कापडात गुंडाळलेला एक लांब पाना आणला. तो टॉर्क पाना होता. त्याच्या दांड्यावर आकडे कोरलेले होते. मूठ फिरवून हवा तो आकडा लावायचा. नट आवळताना तेवढा टॉर्क झाला की पान्यातून 'टिक्' असा आवाज येतो आणि हाताला हलकासा झटका जाणवतो. तेथेच थांबायचे.

काकांनी काम कसे केले, ते क्रमाने सांगतो.

प्रथम त्यांनी चारही जुने बोल्ट, नट आणि नटाखालचा लॉकपत्रा बाजूला ठेवला. हा पत्रा नटाच्या कडेवर दुमडलेला असतो, त्यामुळे नट मागे फिरत नाही. एकदा दुमडलेला पत्रा उलगडून पुन्हा दुमडला तर तो चिरतो, म्हणून नवा घ्यायचा. बोल्ट आणि नटही त्यांनी त्याच मापाचे नवे घेतले. त्या तरुणाने डब्यातला एक जुना नट उचलून विचारले, "काका, हा चालेल का? बसतोय की."

"बसणे वेगळे आणि बसून राहणे वेगळे," काका म्हणाले.

मग त्यांनी हब आणि स्प्रॉकेट यांच्यामधली माती पुसून काढली. मध्ये माती राहिली तर ती काही दिवसांनी दबते आणि बोल्टाचा ताण कमी होतो. आट्यांवरचे तेलही त्यांनी पुसले. मला नवल वाटले. तेल लावले तर नट सहज फिरेल, मग पुसायचे कशाला? काकांनी सांगितले की, नट आवळताना आपला जवळजवळ नऊ-दशांश जोर घर्षणात खर्च होतो. बोल्ट ताणण्याच्या कामी जेमतेम एक-दशांश येतो. आट्यांना तेल लागले की घर्षण घटते. मग पान्याचा आकडा तोच दिसतो, पण बोल्ट मात्र फार जास्त ताणला जातो. म्हणून पुस्तकात तेल लावायला सांगितले असेल तरच लावायचे.

त्यानंतर चारही नट त्यांनी आधी बोटांनी फिरवले. आटे तिरके बसले असतील तर ते बोटांना लगेच समजते, पान्याला समजत नाही. मग टॉर्क पाना हातात घेतला. पहिला नट आवळला, नंतर त्याच्या शेजारचा नव्हे, तर समोरचा. मग उरलेले दोन, तेही समोरासमोर. पहिल्या फेरीत निम्माच आकडा लावला, दुसऱ्या फेरीत पूर्ण. तबल्याची वादी ओढणारा कारागीर एकाच बाजूने ओढत जात नाही. तो इकडे थोडी, समोर थोडी ओढतो, म्हणून पुडी सर्व बाजूंनी सारखी ताणली जाते. स्प्रॉकेटही तसेच सर्व बाजूंनी सारखे बसले पाहिजे.

पाना त्यांनी सावकाश ओढला. 'टिक्' झाले की ते थांबत. मी म्हणालो, "काका, आणखी एकदा ओढा ना, खात्रीसाठी."

"मास्तर, एकदा बरोबर झालेल्या उत्तराला तुम्ही पुन्हा मिळवता का?" त्यांनी मलाच विचारले.

शेवटी लॉकपत्र्याच्या कडा दुमडल्या आणि प्रत्येक नटापासून स्प्रॉकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. नट जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसते. "शंभरएक किलोमीटर चालवा आणि मग या. रेघा पाहू," ते म्हणाले. टॉर्क पाना त्यांनी सर्वांत कमी आकड्यावर आणून पुन्हा कापडात गुंडाळला. आकडा चढवून ठेवला तर त्यातली स्प्रिंग थकते आणि पाना खोटे सांगू लागतो. त्या पान्याने ते कधी नट सोडवत नाहीत. ज्याच्याकडून मोजमाप घ्यायचे, त्याच्याकडून हमाली करून घ्यायची नाही, असा त्यांचा नियम आहे.

मी विचारले, "काका, तुम्ही इतकी वर्षे हे काम करता. तुमच्या हाताला अंदाज नाही का?"

ते म्हणाले, "अंदाज आहे. म्हणून तर पाना वापरतो. सकाळी हातात जोर असतो, संध्याकाळी नसतो. भूक लागली की हात घाई करतो. पान्याला भूक लागत नाही."

परळ-लालबागच्या मातीत ही शिस्त जुनी आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी उभारायला घेतली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्या वाढत गेल्या आणि या भागाला गिरणगाव म्हणू लागले. १८८७ साली स्थापन झालेली व्हीजेटीआय ही माटुंग्याची संस्था या गिरण्यांना आणि कारखान्यांना शिकलेले कारागीर पुरवत असे. गिरणीतले यंत्र दिवसभर थरथरत असते. तेथे एक नट सैल झाला तर यंत्र बिघडते, कामगाराचा हातही जाऊ शकतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि हजारो कामगारांचे काम गेले. काकांचेही गेले. पण हातातला हुन्नर कोणी काढून घेऊ शकले नाही. तो त्यांनी गल्लीतल्या गॅरेजात आणला.

अंदाजावर विसंबून काम केले तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण सांगतो. १० जून १९९० रोजी एक ब्रिटिश विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागा शहराकडे निघाले. ते सुमारे पाच हजार मीटर उंचीवर असताना चालकापुढची काच अचानक निखळली. वाऱ्याच्या ओढीने मुख्य वैमानिक कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदम्प्टन येथे उतरवले. सुदैवाने सर्वजण वाचले, तो वैमानिकही वाचला. चौकशीत कळले की, ही काच आदल्याच दिवशी बदलली होती. ती बसवण्यासाठी वापरलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट जरुरीपेक्षा बारीक होते. फरक एक मिलिमीटरचाही नव्हता. बोल्ट निवडणाऱ्याने सामानाच्या पुस्तकात पाहिले नाही. जुना बोल्ट शेजारी धरून, डोळ्यांनीच माप जुळवले. तो काही आळशी माणूस नव्हता, उलट अनुभवी होता. पण अनुभवी डोळाही एवढा फरक ओळखू शकत नाही.

मित्रांनो, 'अंदाज' आणि 'पेच' हे शब्द मराठीतही आहेत आणि उर्दूतही. उर्दूत आपण 'कसना' म्हणतो, त्याला मराठीत 'आवळणे' म्हणतात. शब्द वेगळे असले तरी पेचाचा नियम सगळ्या भाषांत एकच आहे. कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर तुटतो.

तुमच्यापैकी काही जण उद्या आयटीआयमध्ये जातील, काही भायखळ्याच्या साबू सिद्दीक तंत्रनिकेतनात किंवा व्हीजेटीआयमध्ये शिकतील. काही जण आपल्या वडिलांच्या किंवा मामांच्या गॅरेजात उभे राहतील. कोणीही कोणापेक्षा कमी नाही. पण जेथे जाल तेथे पुस्तक आणि हात यांची फारकत होऊ देऊ नका. केवळ पुस्तक वाचणाऱ्याला नट फिरवता येत नाही आणि केवळ हातावर विसंबणाऱ्याला कोठे थांबावे ते कळत नाही. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. इंजिन चालू असताना चेनला किंवा स्प्रॉकेटला कधीही हात लावू नका. चेन आणि दाते यांच्यामध्ये सापडलेले बोट परत मिळत नाही.

मराठीत एक म्हण आहे, 'अति तेथे माती'. उर्दूत तुम्ही ज्याला 'एतिदाल' म्हणता, तोच या म्हणीचा अर्थ. पूर्वी मला ही म्हण खाण्यापिण्याबद्दल आणि बोलण्याचालण्याबद्दल आहे असे वाटे. ती नटबोल्टांनाही लागू पडते, हे मला त्या गॅरेजात समजले.

शंभर किलोमीटर झाल्यावर मी पुन्हा काकांकडे गेलो. मुलगी बरोबर होतीच. तीच आधी चाकाशी वाकली आणि बोटाने मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. चारही रेघा सरळ होत्या.